गॅरेजखालची माती: तपासणी आणि सफाईच्या दोन सेवा, माझा अनुभव

गेल्या दीड वर्षात मी एकाच जमिनीची माती दोन वेगवेगळ्या सेवांकडून तपासून घेतली. पहिल्या वेळी ४,५०० रुपये गेले आणि खोटा धीर मिळाला. दुसऱ्या वेळी नुसत्या तपासणीचे ७८,००० झाले, पण आपल्या पायाखाली काय आहे ते कळलं. दोघांचीही नावं इथे देत नाही. काम कसं ओळखायचं तेवढं सांगते, कारण गोव्याच्या खाणपट्ट्यात आमच्यासारखी जमीन असलेली घरं पुष्कळ आहेत.

डिचोली तालुक्यात मोठ्या रस्त्याला लागून आमचा ६४० चौरस मीटरचा तुकडा आहे. २००३ मध्ये बाबांनी तो एका मेस्ताला, म्हणजे गाड्यांच्या मिस्त्रीला, ट्रकच्या गॅरेजसाठी भाड्याने दिला. खाणी जोरात होत्या. दिवसभर खनिजाचे ट्रक धावायचे, रात्री दुरुस्तीला लागायचे. २०१२ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातलं खाणकाम थांबवलं, रस्ता एका रात्रीत रिकामा झाला आणि पुढच्या वर्षी मेस्ताने पत्रे काढून नेले. मग दहा-अकरा वर्षं तिथे नुसतं रान माजलं होतं.

२०२४ च्या पावसात मी तिथे तांबडी भाजी, भेंडी आणि चार केळी लावली. रस्त्याकडच्या अंगाला रोपं वितीएवढी झाली आणि पिवळी पडून बसली. खड्ड्यात साचलेल्या पाण्यावर रंगीत तवंग दिसायचा. शेजारच्या वैनी म्हणाल्या, खाणीचं पाणी असंच असतं गं, आमच्या शेतातही येतं. मला ते पटलंही होतं. पण आमची विहीर तिथून वीस पावलांवर आहे, आणि वैनींची तिच्याही खालच्या बाजूला. झोप लागेना.

आता पहिली सेवा. फोन केल्यावर दुसऱ्याच दिवशी माणूस आला, ही एवढीच चांगली गोष्ट. त्याने कुदळीने बारा ठिकाणची वरची माती खरवडली, सगळी एका घमेल्यात कालवली, अर्धा किलो प्लास्टिकच्या पिशवीत भरली आणि पिशवी स्कूटरच्या पुढच्या हुकाला लावून भर उन्हातून गेला. आमच्या शेताच्या मृदा आरोग्य पत्रिकेसाठी माती अशीच घेतली होती, म्हणून मला काही वावगं वाटलं नाही.

चूक तिथेच होती. मृदा आरोग्य पत्रिका खतासाठी असते. त्यात बारा गोष्टी तपासतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज आणि बोरॉन. खत किती घालायचं ते ठरवायला शेताची सरासरी लागते, म्हणून दहा-बारा जागांची माती मिसळतात. पत्रिकेचा तो हेतूच आहे, आणि त्यासाठी ती उत्तम आहे. पण विष काही शेतभर सारखं पसरलेलं नसतं. ते एका कोपऱ्यात असतं. एका वाटीत मूठभर मीठ आणि अकरा वाट्यांत साधं पाणी, हे सगळं एकत्र करून चव घेतली तर मीठ कुठे होतं ते कधीच कळणार नाही.

आठ दिवसांनी अहवाल आला. शिसं ८६ मिलिग्रॅम प्रति किलो, शेरा 'सर्वसाधारण'. तेलाची तपासणी केलेलीच नव्हती. लोह आणि क्रोमियम मात्र लाल अक्षरात, 'मर्यादेबाहेर'. मी घाबरून फोन केला, तर म्हणाले, दोन टिपर माती काढून टाकू, वर नवी माती घालू, दीड लाखात काम फत्ते. काढलेली माती नेणार कुठे, असं विचारलं. "वर सड्यावर कुठेतरी टाकतात, तुम्ही काळजी करू नका." त्या सड्यावरचं, म्हणजे वरच्या पठारावरचं, पाणी पावसात कोणाच्या तरी विहिरीत उतरणारच. तिथे मी त्यांना नको म्हटलं.

अहवालाच्या खालच्या बाजूला एनएबीएलचा, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचा, शिक्का होता. नंतर कळलं की ही मान्यता प्रयोगशाळेला सरसकट मिळत नाही, तपासणीगणिक मिळते. यादीत जे आहे तेवढ्यालाच ती लागू. त्यांची यादी पाण्यापुरती होती, मातीचं त्यात नावही नव्हतं. कोणत्याही प्रयोगशाळेकडे ही यादी मागा. द्यायला का कू केली तर पुढे जाऊच नका.

दुसऱ्या सेवेने पहिल्या फोनवर दरच सांगितला नाही. विचारलं, जागेवर आधी काय होतं? किती वर्षं? विहिरी किती अंतरावर? आणि तुम्हाला तिथे करायचंय काय, घर, भाजी की नुसतं पार्किंग? शेवटचा प्रश्न मला तेव्हा अनाठायी वाटला. आता कळतं की सगळं त्यावरच ठरतं. कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्यात पाऱ्याने माती बिघडली, कारखाना २००१ मध्ये बंद झाला आणि त्यानंतर कितीतरी वर्षं वाद चालला तो याच मुद्द्यावर. किलोमागे २० मिलिग्रॅम पारा राहिला तर चालेल, की त्याहून कमी हवा? माती किती साफ म्हणजे साफ, हे त्या जागेवर पुढे कोण राहणार, काय पिकवणार यावरून ठरतं.

त्यांनी मला एक काम दिलं: मेस्ताला शोधा. मी गेले. आता सत्तरीच्या पुढचे आहेत, मुलाकडे असतात. मी भांडायला आले असं वाटून आधी गप्पच होते. चहा झाल्यावर कागद मागून घेतला आणि स्वतःच्या हाताने नकाशा काढून दिला. इथे ऑइल बदलायचा खड्डा, इथे जळक्या ऑइलची पिंपं, या कोपऱ्यात जुन्या बॅटऱ्या फोडायचो. धूळ बसावी म्हणून उन्हाळ्यात अंगणभर जळकं ऑइल शिंपडायचो, वाळवी लागू नये म्हणून खांबांच्या बुडाशीही ओतायचो. "त्यावेळी कोणी सांगितलंच नाही, बाय." मी त्यांना दोष दिला नाही, आजही देत नाही. जळकं ऑइल हा घातक कचरा आहे, असं सरकारी नियमांच्या अनुसूचीत स्वच्छ लिहिलेलं आहे, पण ते रस्त्याकडेच्या गॅरेजपर्यंत कधी पोचलं नाही. आणि भाडं घेणारे आम्ही होतोच की. आम्हीही कधी खड्ड्यात डोकावलो नाही.

नमुने घ्यायचा दिवस, २०२४ चा डिसेंबर. तीन माणसं आली: एक केमिस्ट बाई आणि दोन मुलगे. मेस्तमामांचा नकाशा हातात घेऊन अर्धा तास नुसती जागा फिरली. मग हाताने फिरवायचा लांब गिरमिट काढला. पहिलं भोक जिथे माझी भाजी मेली त्याच्या बाजूलाच. वरची वीतभर माती आपली नेहमीची, तांबडी. हातभर खोल गेल्यावर गिरमिटाला जे चिकटून आलं ते काळपट राखाडी, ओलसर, आणि त्याला गॅरेजचा तोच वास! दहा वर्षं पाऊस पडून गेला तरी तोच. मी विचारलं, जांभ्याची माती राखाडी कशी झाली? बाई म्हणाल्या, तेल खाणारे जिवाणू आधी हवेतला प्राणवायू संपवतात, मग मातीतल्या लोखंडाच्या गंजातला ओढून घेतात, आणि गंज गेला की तांबडा रंगही जातो. त्यांनी ती माती चमचाभर काचेच्या बरणीत घेतली, पाणी घालून हलवली, खाली ठेवली. पाण्यावर इंद्रधनुष्य उमटलं.

मग मला एक गोष्ट दाखवली, ती खाणपट्ट्यातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. ओहोळाच्या काठी, आमच्या हद्दीबाहेर, तसाच रंगीत तवंग होता. तिथे त्यांनी काडी फिरवली. तवंग काचेसारखा तडकला, तुकडे झाले आणि ते सुटेच राहिले. हा लोहजिवाणूंचा तवंग, लोहयुक्त पाण्यावर येतोच, त्याला भिऊ नका. तीच काडी आमच्या खड्ड्यातल्या पाण्यात फिरवली तर तवंग लवून बाजूला झाला आणि काडी काढताच पुन्हा मिळून आला. ते तेल. वैनींचं आणि माझं, दोघींचंही म्हणणं एका काडीत निकालात निघालं.

एकूण १४ नमुने घेतले. प्रत्येक जागेचा वेगळा आणि खोलीप्रमाणे वेगळा, काचेच्या बाटल्यांत, घट्ट झाकण लावून, बर्फाच्या पेटीत. प्रत्येक बाटलीवर वेळ, जागा, सही. दोन नमुने त्यांनी वरच्या राईतून घेतले, जिथे कधी गॅरेज नव्हतं की खाण. त्याचे पैसे मी का द्यायचे, असं माझ्या भावाने विचारलंही. पण त्या दोन बाटल्यांनी मोठा घोळ सोडवला. जांभ्याच्या मातीत लोह आणि क्रोमियम मुळातच जास्त असतं. राईतल्या मातीतलं क्रोमियम आमच्या जागेइतकंच निघालं. म्हणजे पहिल्या अहवालात लाल अक्षरात होतं ते निसर्गाचं, आणि काळ्या अक्षरात 'सर्वसाधारण' म्हणून गेलं ते माणसाचं.

कारण बॅटरीच्या कोपऱ्यात शिसं निघालं १,८६० मिलिग्रॅम प्रति किलो. राईत होतं २२. ताडून पाहायला म्हणून सांगते, अमेरिकेत घराच्या आवारातल्या मातीसाठी कितीतरी वर्षं ४०० हा सावध व्हायचा आकडा होता, २०२४ च्या जानेवारीत तो २०० वर आणला. मुलं मातीत खेळतात, बोटं तोंडात घालतात. म्हणून शिशाचा विचार आधी मुलांसाठी करायचा. ऑइलच्या खड्ड्याखाली तेलाचं प्रमाण किलोमागे ९,८०० मिलिग्रॅम होतं. आमच्या विहिरीत खनिज तेल लिटरला ०.७ मिलिग्रॅम निघालं, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ०.५ आहे. वैनींची विहीर स्वच्छ निघाली. शिसं दोन्हीकडे मर्यादेच्या आत. वैनींना अहवाल दाखवला तेव्हा त्यांनी माझा हात धरला, काही बोलल्या नाहीत.

सफाईबद्दल मला या सेवेचं सगळ्यात जास्त आवडलं ते हे, की त्यांनी 'जिवाणू सगळं साफ करतात' असं सांगितलं नाही. हे वाक्य बाजारात फार ऐकू येतं. जिवाणू तेल खातात हे खरं आहे. टेरी संस्थेने बनवलेलं ऑइलझॅपर हे जिवाणूंचं मिश्रण तेलक्षेत्रांतला गाळ साफ करायला देशात वापरलं गेलं आहे. पण शिसं हे मूलद्रव्य आहे. ते कोणी खाऊन संपवू शकत नाही. ते उचलून योग्य जागी न्यायचं, नाहीतर तिथेच बांधून झाकून टाकायचं.

म्हणून दोन कामं वेगळी झाली. बॅटरीच्या कोपऱ्यातली साधारण अडीच टन माती खणून पिशव्यांत बंद केली आणि घातक कचरा घ्यायची परवानगी असलेल्या केंद्रात पाठवली. गाडीबरोबर फॉर्म १० चा मॅनिफेस्ट, म्हणजे घातक कचऱ्याच्या वाहतुकीचा कागद, गेला, सात प्रतींचा, प्रत्येक प्रत वेगळ्या रंगाची. माती पोचल्याची पोच माझ्या हातात आल्यावरच मी त्या कामाचे पैसे दिले. सड्यावर टाकणारा तुम्हाला हा कागद कधीच देऊ शकणार नाही.

तेलाच्या खड्ड्याची माती, सुमारे ३० घनमीटर, जागेवरच जाड प्लास्टिकवर ढीग करून ठेवली, कडेने मातीचा बांध. त्यात शेण, तूस, काथ्याचा भुसा आणि मोजून युरिया, स्फुरद. तेल म्हणजे नुसता कर्ब, त्यावर जिवाणू वाढवायचे तर नत्र आणि स्फुरद बाहेरून द्यावं लागतं. दर आठ दिवसांनी फावड्याने उलथापालथ, पाण्याचा शिडकावा, वर आच्छादन. फेब्रुवारीत सकाळी आच्छादन उचललं की ढिगातून वाफ यायची. मार्चअखेर वास बदलू लागला, ऑइलचा कमी आणि ओल्या मातीचा जास्त.

तक्रार इथे आहे. २०२५ चा पाऊस मे महिन्यातच आला. ढिगावरचं आच्छादन एका बाजूने फाटलेलं होतं, ते मी आठवडाभर आधी कळवलं होतं. माणूस आला तो पाऊस सुरू झाल्यावर, आणि मधले दोन दिवस फोनही उचलला नाही. भाऊ आणि मी रात्री छत्री धरून ताडपत्री बांधली. बांध टिकला म्हणून बरं, नाहीतर तीन महिन्यांचं काम विहिरीच्या दिशेने वाहून गेलं असतं. आत साचलेलं पाणी त्यांनी नंतर पिंपांत भरून नेलं, माफीही मागितली. पण गोव्यात काम करायचं तर पावसाचा दिवस आपण ठरवत नाही. आच्छादन १५ मेपूर्वी पक्कं करायचं, असं करारात लिहून घ्या.

मेअखेर तेल २,१०० वर आलं होतं. ठरलेलं लक्ष्य १,००० च्या खाली. इंजिन ऑइल डिझेलपेक्षा जड असतं, जिवाणूंना ते खायला वेळ लागतो. तो वेळ त्यांनी आधीच सांगितला होता, म्हणून मी घाई केली नाही. पाऊस संपल्यावर दुसरी फेरी केली, जादा पैसे न घेता. या जानेवारीत ८४० आलं. हा आकडा त्यांच्या प्रयोगशाळेचा नाही, मी निवडलेल्या तिसऱ्याच प्रयोगशाळेचा आहे. ही अटही करारात होती: साफ करणारा आणि साफ झालं म्हणून सांगणारा एकच नसावा.

पैशाचं स्पष्ट सांगते. तपासणी ७८,०००, तेलाच्या मातीचं काम २,४०,०००, शिशाची माती नेऊन पोचवायला ५५,०००. एकूण ३,७३,०००. बाबांना महिना ३,००० प्रमाणे दहा वर्षांत भाडं मिळालं ३,६०,०००. ते सगळं भाडं जमिनीने परत घेतलं.

हे सगळं होत असताना, २०२५ च्या जुलैमध्ये, दूषित जागांबद्दलचे केंद्राचे नियम आले. मी ते दोनदा वाचले. संशयित जागांची यादी स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने सहामाही राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यायची. मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक पाहणी करायची. नियमांच्या मूळ यादीतल्या १८९ घातक द्रव्यांपैकी काही सापडलं तर सविस्तर तपासणी. ज्याने घाण केली त्याने खर्च द्यायचा, तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली तर सरकारने. तेव्हा देशभरात अशा १०३ जागा ओळखलेल्या होत्या आणि सफाई सुरू झालेल्या फक्त ७. इतकी वर्षं तर असा नियमच नव्हता, म्हणून मला हे मोठं पाऊल वाटतं. पण खाणकामाने झालेलं प्रदूषण आणि कचऱ्याच्या डेपोंमुळे झालेलं प्रदूषण यातून साधारणपणे वगळलं आहे, त्यांना दुसरे कायदे आहेत म्हणून. गोव्यात माणसाला जमिनीची भीती वाटते ती याच दोन गोष्टींनी. खाणीच्या डंपाखालची शेतं आणि मडगावच्या सोनसोड्याचा कचऱ्याचा ढीग. ते डोळ्यांना दिसतात तरी. आमच्या गॅरेजसारखी जागा दिसतही नाही.

आणि ती कागदावरही नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्याच्या सातबाऱ्यावर, कूळ दिसतं, पीक दिसतं, क्षेत्र दिसतं. जमिनीवर दहा वर्षं ऑइल ओतलं गेलं हे लिहायला रकाना नाही. आमचा तुकडा मी उद्या कोणाला विकला असता तर त्याला कळायला काहीच मार्ग नव्हता. म्हणून मी तिन्ही अहवाल आणि मॅनिफेस्टची प्रत मूळ कागदांच्या फाइलमध्येच लावून ठेवली आहे. जमीन घेणाऱ्यांनी विक्रेत्याला हे विचारावं: इथे गॅरेज होतं का, बॅटरीचं दुकान होतं का, डिझेलची टाकी पुरलेली आहे का? आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारावं.

पहिल्या सेवेला मी पाचपैकी शून्य देते. दुसऱ्या सेवेला चार. एक गुण त्या मे महिन्यातल्या दोन दिवसांचा.

बॅटरीच्या कोपऱ्यात आता खाली नवी माती, वर चिरे बसवले आहेत, बाजूला दोन माड. पालेभाजी मातीतलं शिसं उचलते आणि पानाला धूळही चिकटते, म्हणून तांबडी भाजी मी वरच्या अंगाला, राईतल्या मातीच्या उंच वाफ्यांत लावली आहे. विहिरीतलं तेल या जानेवारीत ०.५ च्या खाली आलं, तरी प्यायला अजून नळाचंच पाणी घेतो. पुढची तपासणी पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरात. त्या बाटल्यांचे पैसे मी आधीच भरून ठेवलेत, वैनींच्या विहिरीचेही.